गुंतवळे सर

वर्तमानपत्रं आमच्या गावाचं नाव 'दे. राजा' असं छापतात. 'देऊळगाव राजा' एका कॉलमच्या मथळ्यात मावत नाही म्हणून. कधीकधी छपाईत मधलं टिंब उडतं आणि उरतं नुसतं 'दे राजा'. गाव राहतं बाजूला, झोळी पुढे होते. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे तरी मागतोच आहोत. पण गुंतवळे सरांना ते उडालेलं टिंब खुपायचं. लाल पेनाने ते जागेवर बसवायचे, कात्रण कापायचे आणि फाईलला लावायचे.

"अरे, आमच्या भाषेत एक टिंब दिलं की सोळा बिटांचा डबा मिळतो. त्याच्या डोक्यावर दुसरं दिलं की बत्तीस बिटांचा. आणि तुम्हाला अख्ख्या गावाचं एक टिंब सांभाळता येईना!"

'आमची भाषा' म्हणजे मराठी नव्हे. मराठी तुमची-आमची. सरांची भाषा इंटरकॅल.

गुंतवळे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे, पोरांनी ठेवलेलं. केस विंचरल्यावर फणीत उरतो तो गुंतवळ. सरांच्या डोक्यावर केस नव्हते. सगळा गुंता आतल्या बाजूला होता. बस स्टँडजवळ एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. सहा कॉम्प्युटर, त्यांतले चार चालू, एक चालू होण्याच्या बेतात आणि एक पंचा वाळत घालायला. दिवसभर सर एमएस-सीआयटी शिकवायचे, आणि तेही सरळ, नीट, समजेल असं. त्यामुळे दिवसभर ते अतिशय दुःखी असत. संध्याकाळी सहाला शेवटची बॅच सुटली की पंचा खाली यायचा, तो सहावा कॉम्प्युटर गुरगुरत उठायचा आणि सर माणसात यायचे.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी मला पकडलं. "बहात्तर साल म्हटलं की तुला काय आठवतं?"

"मी जन्मलो नव्हतो, सर."

"घरात काय ऐकलंस?"

"दुष्काळ. आजी अजून सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरीचं सांगते."

"बरोबर. ज्या साली तुझे आजोबा इकडे खडी फोडत होते, त्याच साली, २६ मे १९७२ला, अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात डॉन वुड्स आणि जेम्स लायन ह्या दोन पोरांनी एका सकाळी ही भाषा रचली. अट एकच : जगात होती नव्हती त्या कुठल्याच भाषेसारखी ती दिसता कामा नये. आजोबांची खडी संपली. आमची अजून चालू आहे."

भाषेचं पूर्ण नाव, सरांच्या भाषांतरात, 'उच्चारता येईल असं लघुरूप नसलेली कंपायलर भाषा'. आणि तिचं लघुरूप, म्हणे उघडच कारणांसाठी, इंटरकॅल. हे सांगताना सर दर वेळी नव्याने हसायचे, आणि आपण हसलो नाही तर पुन्हा सांगायचे. तिच्यात साध्या चिन्हांनाही वेगळी नावं. दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे 'सशाचे कान', आडवी रेघ म्हणजे 'अळी', उद्गारचिन्ह म्हणजे 'वाव' आणि टक्क्याची खूण म्हणजे 'डबल-ओ-सेव्हन'. ओळीत ही खूण करून पुढे पन्नास लिहिलं, तर ती ओळ पाळायची की नाही ते यंत्र नाणेफेकीने ठरवतं.

"मृगाचा पाऊस," सर म्हणायचे, आणि पुढे जायचे.

ह्या भाषेत उत्तर मिळतं ते रोमन आकड्यांत. त्यामुळे सरांच्या क्लासची पावतीही रोमन आकड्यांत. अडीचशे रुपये फी भरली की 'सीसीएल' असं लिहून मिळायचं. एका पोराच्या वडिलांनी ती पावती घाबरत डॉक्टरांना दाखवली होती. आणि यंत्राला संख्या सांगायची तर आकडा टाईप करून चालत नाही, एकेक अंक अक्षरांत लिहावा लागतो, 'वन टू थ्री' असा. पुढच्या आवृत्तीत इंग्रजीच्या जोडीला बास्क, टॅगालॉग अशा दूरदूरच्या भाषा आल्या आणि त्यांत चक्क संस्कृत आली. सरांच्या अंगावर त्या दिवशी मूठभर मांस चढलं.

"मग सर, मराठी का नाही घेतली?"

"समजली असती ना!"

पण सरांचं गावात नाव झालं ते 'प्लीज'मुळे. इंटरकॅलमध्ये यंत्राला हुकूम सोडताना अधूनमधून 'प्लीज' म्हणावं लागतं. पाच ओळींमागे एकदा तरी म्हटलं नाही, तर कंपायलर काम परत करतो : माणूस पुरेसा नम्र नाही. आणि तीन ओळींमागे एकाहून जास्त झालं, तरी परत : माणूस जरा जास्तच नम्र आहे. मूळ मॅन्युअलमध्ये हा नियम लिहिलेलाच नव्हता.

"नियम आहे, पण लिहिलेला नाही. लिहिलेला नाही, पण मोडला की कागद परत," सर डोळे मिटून म्हणायचे. "ही अक्कल विद्यापीठात शिकवत नाहीत रे. त्या दोघांपैकी एक जण नक्की कुठल्यातरी कचेरीच्या व्हरांड्यात बसलेला असणार."

तशात आमचा मुलूख. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा. जिकडे तिकडे राजेच. प्रजा व्हायला कोणी तयार नाही. इथे नम्रता मापूनच वाढावी लागते.

एकदा मेहुणा राजाकडचे एक आजोबा जिना चढून आले. हातात वारस नोंदीचा अर्ज, घडीवर घडी पडून पोथीसारखा झालेला.

"सर, तीनदा वापस आला. काहून वापस येऊ राह्यला, कोनी सांगत नाही."

सरांनी अर्ज टेबलावर पसरला, पेन्सिल काढली आणि प्रत्येक वाक्यावर टिकलीएवढी खूण केली. मग गंभीरपणे चष्मा वर सरकवला. "वाक्यं अकरा. 'कृपया' शून्य. 'मेहेरबान' एक आहे, पण तो मायन्यात. मायना धरत नाहीत. आजोबा, तुम्ही उद्धट आहात."

"मी?" आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. "सर, मी त घरात बी वर मान करून बोलत नाही."

"घरातलं घरात. कागदावर उद्धट आहात." सरांनी दुसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या वाक्यात एकेक 'कृपया' पेरला. अकरात तीन. आजोबांनी वाकून पाहिलं. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

"आनखी एक टाका ना वर. भारी दिसंल."

"अजिबात नाही!" सर ओरडले. "चार झाले की तुम्ही लाळघोटे!"

चौथ्या खेपेला अर्ज मंजूर झाला. पुढे कळलं की त्या दिवशी तिथल्या साहेबांची बदली झाली होती आणि जाताजाता टेबल मोकळं करायचं म्हणून त्यांनी होते नव्हते तेवढे सगळे कागद मंजूर केले होते. पण हे कळेपर्यंत माडीच्या जिन्यावर रांग लागली होती. सर पैसे घेत नसत, फक्त मोजत. आजोबांचे शेजारीही असाच मापून अर्ज घेऊन गेले. तो परत आला. ते तावातावाने सरांकडे आले, तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर अपार समाधान पसरलं.

"सातशे चौऱ्याहत्तर!" सर म्हणाले.

"कशाचे?"

"चुकीचा नंबर. पुढे १९९० साली एरिक रेमंडने ही भाषा नव्याने लिहून काढली. त्या अवतारात सगळं बिनचूक असलं तरी कंपायलर अधूनमधून उगाचच 'चूक क्रमांक ७७४' सांगतो आणि काम थांबवतो. तुमचा दोष नाही. कोणाचाच नाही. उद्या तोच कागद पुन्हा द्या."

शेजाऱ्यांनी तोच कागद पुन्हा दिला आणि काम झालं. त्यानंतर गावात काही विनाकारण अडलं की लोक 'सातशे चौऱ्याहत्तर झालं' म्हणू लागले. नळाला पाणी नाही, सातशे चौऱ्याहत्तर. ठरलेलं लग्न मोडलं, सातशे चौऱ्याहत्तर. ह्या भाषेचा एवढा प्रसार तिच्या कर्त्यांनी स्वप्नातही पाहिला नसेल.

सरांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, इंटरकॅल येत नव्हती. पण घरातल्या कंपायलर त्याच होत्या.

"अगं, जरा चहा टाकतेस का, प्लीज? साखर थोडी चालेल, प्लीज. आणि एक सांगायचं होतं, प्लीज..."

"नव्या कॉम्प्युटरला पैसे मिळणार नाहीत," काकू आतून म्हणायच्या.

ह्या भाषेत बेरीज नाही. म्हणजे करता येते, पण त्यासाठी दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेल्या ओळींना हाक मारावी लागते. जे आहे त्याचं नाव 'मिंगल'. ते समजावून सांगताना मी सरांना एकदाच हरलेलं आणि त्याच दिवशी जिंकलेलं पाहिलं. समोर सुट्टीवर आलेला इंजिनिअरिंगचा मुलगा होता. शेजारच्या बाकावर खालच्या दुकानात यायला वेळ होता म्हणून टेकलेला एक शेतकरी होता. आमच्या तालुक्यात शेडनेट टाकून भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं, त्यातलाच.

"तीन आणि शून्य घे," सर फळ्याकडे वळले. "तीन म्हणजे यंत्राच्या पोटात एक, एक. शून्य म्हणजे शून्य, शून्य. आता एक अंक ह्याचा, एक त्याचा असे आलटूनपालटून मांड. एक, शून्य, एक, शून्य. वाच बरं, किती झाले?"

मुलाने बोटांवर मोजलं. "दहा."

"तीन आणि शून्य, दहा! आता तीन आणि तीन?"

"एक, एक, एक, एक. पंधरा. पण सर, का?"

सर गप्प झाले. 'का' ह्या प्रश्नाला इंटरकॅलमध्ये उत्तर नाही आणि तो प्रश्न त्यांना नेहमीच लागायचा. तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"का काय त्यात? एक ओळ नराची, एक ओळ मादीची. दोन्हीपेक्षा निराळंच पीक येतं. हायब्रीड हाय ते."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला आणि त्या माणसाला चहा पाजला. त्या दोघांचं मग बराच वेळ चाललं होतं. जाताना तो शेतकरी म्हणाला, "सर, तुमच्या ह्या बियाण्याला बाजारात भाव नाही मिळायचा." सर म्हणाले, "माहीत आहे."

भाव मिळणारही नव्हता. ६५५३६च्या आतल्या सगळ्या मूळ संख्या शोधायचं काम एकदा एकाच यंत्रावर दोन भाषांत लावलं गेलं. सी भाषेने ते अर्ध्या सेकंदाच्या आत उरकलं. इंटरकॅलला सतरा तासांहून जास्त लागले. हा किस्सा सर अशा सुरात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हरली ती सी. "अर्ध्या सेकंदात काय मजा येणार? आमच्या माणसाला सतरा तास समाधान मिळालं."

तशी अवघड भाषांची सरांना वाण नव्हती. नुसत्या मोकळ्या जागांत लिहायची एक होती, २००३ सालची. तिचं प्रिंटआऊट सरांनी मला दिलं तेव्हा मी कोरा कागद म्हणून त्यावर हिशेब लिहिला आणि आठवडाभर बोलणी खाल्ली. नरकाच्या आठव्या वर्तुळाचं नाव घेतलेली 'मालबोल्ज' होती, १९९८ची. तिच्यातला पहिला चालणारा प्रोग्रॅम यायला दोन वर्षं गेली आणि तोही माणसाला सुचला नाही, दुसऱ्या प्रोग्रॅमने हुडकून काढला. तिच्यापुढे सर हात जोडत. आम्ही पोरांनी मात्र 'भावा' अशी हाक मारून चालणारी मराठी गंमतभाषा करू म्हटलं, तेव्हा त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद परत केला. "वाचून कळतंय."

मी एकदा धीर करून विचारलंच. "सर, हे सगळं कशासाठी?"

सरांनी ड्रॉवर उघडला. आतून विम्याचं सहा पानी पत्रक काढलं. "अवघड लिहिणारे बघ कसे असतात. आपल्या महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. शेकडो वर्षं बाहेरच्या माणसाला अक्षर लागेना. शेवटी इतिहासाचार्य राजवाड्यांनी किल्ली लावली. आत काय निघालं? सोनं! जुन्या मराठीतलं सोनं. ते झाकायलाच हवं होतं. आता हे वाच." मी पत्रक वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीत 'तथापि', पाचव्यात 'परंतु सदर तरतुदीस अधीन राहून'. "आत काय आहे?"

"काही नाही, सर."

"आणि काही नाही हे कळू नये म्हणून सहा पानं. आता आमची इंटरकॅल घे. आतही काही नाही, आणि ते आम्ही पहिल्या पानावरच सांगतो. फसवून छळणारे गावभर आहेत रे. सांगून छळणारी ही एकटीच."

इतर भाषांत 'गो टू' असतं : इथून तिथे जा. १९७३ साली 'डेटामेशन' मासिकात आर. लॉरेन्स क्लार्क नावाच्या गृहस्थांनी थट्टा म्हणून त्याचं उलटं काढलं, 'कम फ्रॉम'. रेमंडच्या अवतारात ते इंटरकॅलमध्ये येऊन बसलं. सर ते गावाच्या रस्त्यावर समजावून सांगायचे.

"चौकात पाटी असते, 'चिखलीकडे'. तू वळतोस. हे झालं गो टू. आता समज, पाटीच नाही. तू चौकात पोचलास, आणि तिकडे देऊळगाव महीत बसलेला एक माणूस मनाशी म्हणाला, 'चौकात येईल तो माझ्याकडे यावा.' संपलं. तू महीत! चौकाला पत्ता नाही, तुला पत्ता नाही."

"असं कुठे होतं, सर?"

"तुझ्या काकाचं लग्न कसं जमलं? तो जालन्याला टायर आणायला गेला होता."

ह्यावर मी काही बोललो नाही. टायर अजून आलेलं नाही, काकू आलेली आहे.

"आणि इंटरकॅलला हसू नका," सर पुढे म्हणाले. "तुमची मराठी काय सरळ आहे? बांगडी फुटली की म्हणता 'वाढवली'. नारळ फोडला की 'वाढवला'. कमी झालं की वाढलं म्हणायचं! नवऱ्याचं चार अक्षरी नाव बाहेर काढायला उखाण्याच्या दोन ओळी खर्ची घालायच्या! ह्याला कंपायलर लिहून दाखवा, मग बोला."

आम्ही हसलो. हे सगळं मला पाठ होतं, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याबद्दल मी कोणाला दोष देऊ शकत नाही.

पुण्याला नोकरी लागून बरीच वर्षं झाली. एकदा आश्विनात बालाजीच्या यात्रेला गावी येणार म्हणून भावाला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, आणि तो म्हणाला, "अरे हो, सरांनी क्लास वाढवला."

मला मनापासून बरं वाटलं. आता हातोहाती मोबाईल असताना, पोरं व्हिडिओ बघून शिकत असताना, सरांनी क्लास वाढवला! दुसरी शाखा असेल, सिंदखेड राजाला किंवा थेट जालन्याला. मी पाव किलोऐवजी अर्धा किलो पेढे घेतले आणि यात्रेच्या गर्दीतून वाट काढत बियाण्याच्या दुकानाची माडी गाठली.

माडीवर बियाण्याची पोती रचलेली होती. खिडकीपर्यंत. जिथे फळा होता तिथे त्याचा चौकोनी डाग होता. दारावर मात्र अजून एक कागद चिकटवलेला होता, सरांच्या जुन्या प्रिंटरवरच्या त्या तुटक्या अक्षरांत : 'प्लीज गिव्ह अप'. इंटरकॅलमध्ये प्रोग्रॅम संपवताना शेवटी हेच लिहितात. नाद सोडा, कृपया.

मी घरी गेलो. सर ओट्यावर बसले होते. माझ्या हातातलं पुडकं त्यांनी पाहिलं, माझा चेहरा पाहिला, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

"क्लास वाढवला म्हणून पेढे आणलेस? तू? माझा विद्यार्थी?" त्यांनी आत हाक मारली. "अगं, ऐकलंस का, हा सापडला!"

"पंधरा दिवसांत तिसरा," काकू बाहेर येत म्हणाल्या. "हे मुद्दाम सगळ्यांना तसंच सांगायला लावतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे भाऊ मिठाई घेऊन आले होते."

सहावा कॉम्प्युटर आता ओसरीत होता. त्यावर पंचा वाळत नव्हता. सरांनी मला त्यांचं नवं काम दाखवलं : नातवाच्या वयाची संख्या संस्कृतात घ्यायची आणि रोमनमध्ये छापायची. सात ओळींत दोन 'प्लीज' होते. मी नकळत मोजले आणि बरोबर आहेत म्हणून मान हलवली. सरांनी ते पाहिलं, पण काही बोलले नाहीत. पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात टाकला. क्लास बंद झाल्याबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. 'का' हा प्रश्न त्यांना लागतो, हे मला ठाऊक होतं.

गाडीची वेळ झाली तसा मी उठलो. पाया पडलो. "येतो, सर."

सरांचं बोट एकदम वर गेलं. डोळे चमकले. "निघालास पुण्याला, आणि म्हणतोस काय? येतो!"

"जाऊ द्या त्याला," काकू म्हणाल्या. "गाडी चुकेल."